‘आफ्टर द फ्युनरल’ : मृत्युपत्राबाहेरचे माणूस

खुनाच्या कादंबरीवर महाविद्यालयाच्या वार्षिकात अभ्यासलेख लिहावा काय, असा प्रश्न काहींना पडेल. रहस्यकथा म्हणजे एस.टी.च्या प्रवासात वाचायची आणि उतरताना बाकावर विसरायची वस्तू, असा आपल्याकडे समज आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार, धनंजय यांनी कितीतरी मराठी माणसांना वाचनाची गोडी लावली. पण टीकाकारांच्या ओसरीवर त्यांना जागा क्वचितच मिळाली. मला मात्र ॲगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) या इंग्रज लेखिकेची ‘आफ्टर द फ्युनरल’ ही १९५३ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी अभ्यासाला योग्य वाटते. समाजात कोणाकडे पाहिले जाते आणि कोणाकडे पाहिले जात नाही, हे ती फार सोप्या रीतीने शिकवते. शेवट सांगितल्याशिवाय ही चर्चा होऊ शकत नाही. तेव्हा ज्यांना रहस्याचा आनंद हवा आहे त्यांनी कादंबरी आधी वाचावी, ही विनंती.

या जातीच्या कादंबरीत पिस्तुले, पाठलाग, गुंडांच्या टोळ्या नसतात. एक मोठे घर, एक वृद्ध धनिक, त्याचे वारस, वकील आणि सतत येणारा चहा एवढ्यावर सारे भागते. खून होतो, परंतु रक्ताचे वर्णन लांबत नाही. गुन्हेगार घरातलाच कोणीतरी असतो आणि त्याला ओळखण्याचे सर्व धागे लेखकाने वाचकासमोर प्रामाणिकपणे ठेवायचे असतात. इंग्लंडमध्ये संपत्तीचा धनी मृत्युपत्राने आपली मालमत्ता बव्हंशी मनास येईल तशी वाटू शकतो. म्हणून मृत्युपत्र वाचले जाण्याचा क्षण हा तिथल्या कथेचा गाभा ठरतो, आणि ज्याला लाभ झाला त्याच्यावर संशय जातो.

प्रस्तुत कादंबरीत रिचर्ड ॲबरनेथी हा श्रीमंत गृहस्थ वारला आहे. एकुलता एक मुलगा त्याच्या आधीच गेलेला. अंत्यविधीनंतर एंडरबी हॉल या घराण्याच्या वाड्यात आप्त जमतात. मि. एन्टव्हिसल हे वकील मृत्युपत्राचा आशय सांगतात. इस्टेटीचे सहा वाटे केलेले आहेत. भाऊ, भाचा व दोन पुतण्या-भाच्या यांना चार वाटे कायमचे; विधवा भावजय हेलन आणि धाकटी बहीण कोरा यांना उरलेल्या दोन वाट्यांचे उत्पन्न हयातीपुरते. एवढ्यात कोरा भाबडेपणाने विचारते की, रिचर्डचा खूनच झाला ना? सारे सुन्न होतात. दुसऱ्या दिवशी कोराचाच तिच्या खेड्यातील घरी कुऱ्हाडीने खून होतो. पुढे हर्क्यूल प्वारो हा गुप्तहेर तपासाला लागतो. वारसांपैकी कोणाला कर्ज आहे, कोणाला दुकान काढायचे आहे, कोणाला नाटक कंपनीसाठी पैसा हवा आहे. हेतू प्रत्येकाजवळ आहे, आणि वाचक प्रत्येकाला आळीपाळीने तपासत राहतो.

उत्तर निराळेच आहे. खून कोराकडे सोबतीला राहणाऱ्या पगारी बाईने, मिस गिलख्रिस्टने केलेला असतो. त्या दिवशी एंडरबीला आलेली कोरा ही कोरा नव्हतीच. झोपेचे औषध देऊन खऱ्या कोराला घरी निजवले होते आणि गिलख्रिस्ट तिचे सोंग घेऊन आली होती. नातलगांनी कोराला वीसएक वर्षे पाहिले नव्हते, त्यामुळे सोंग वठले. रिचर्डच्या खुनाची गोष्ट तिने मुद्दाम पेरली. म्हणजे कोराचा खून झाल्यावर सर्वांनी वारसांकडेच पाहावे. रिचर्ड तर आजाराने वारला होता! बाईचा डोळा इस्टेटीवर नव्हता. कोराने स्वस्तात घेतलेल्या एका चित्रावर होता. ते सतराव्या शतकातील डच चित्रकार व्हर्मीर याचे आहे, हे कोराला कळले नव्हते, गिलख्रिस्टला कळले होते.

धागे किती साधे आहेत पाहा. कोराची मान एका बाजूला कलती करण्याची लकब गिलख्रिस्टने आरशासमोर घटवली, म्हणून मान उलट बाजूला कलली. आणि अंत्यविधीच्या दिवशी मेजावर असलेली, नंतर उचलून ठेवलेली मेणाची फुले तिथे किती शोभत होती, हे ती पुढे सहज बोलून गेली. ती फुले तिने पाहिली केव्हा?

कादंबरीचे मर्म मला इथे दिसते. हे कोडे वाचक गिलख्रिस्टकडे पाहणार नाही, या एका भरवशावर उभे आहे. ती चहा करते, केक भाजते, घाबरते, बडबडते. तिचे स्वतःचे चहाचे दुकान होते. युद्धकाळात अन्नधान्याची टंचाई झाली आणि ते बुडाले. ब्रिटनमधील रेशनिंग १९४० साली सुरू झाले ते १९५४ पर्यंत चालले. म्हणजे कादंबरी निघाली तेव्हाही ते पुरते उठले नव्हते. दुकानाची मालकीण दुसऱ्याच्या घरची आश्रित झाली. तिचा सारा लोभ पुन्हा एक छोटे दुकान थाटण्यापुरता आहे.

माझी आई दोन घरी स्वयंपाकाला जाते. त्यांतील एका घरी सध्या वाटणीचा वाद चालू आहे. कोणाच्या नावावर काय चढवायचे, कोणत्या बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायचे, हे सगळे ती पोळ्या लाटत असताना तिच्या देखत बोलले जाते. हा तिच्यावरचा विश्वास आहे असे पूर्वी मला वाटे. आता वाटते, तिथे कोणी आहे हेच बोलणाऱ्यांच्या ध्यानी नसते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. निदान कागदावर त्यांचे नाव आले. आईचे नाव त्या घराच्या कोणत्याच कागदावर यायचे नाही. परंतु मिठाचा डबा कुठे आणि कोणाचे कोणाशी पटत नाही, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नसेल.

म्हणूनच या कादंबरीविषयी माझी एक तक्रारही आहे. ज्या बाईला कोणी पाहत नाही तिला लेखिकेने पाहिले खरे, पण खुनी म्हणून पाहिले. लोभी वारस सारे सुटतात आणि पगारी बाई सापडते. यावर कोणी म्हणेल की, गिलख्रिस्टने मारले तेही एका दुर्लक्षित, भाबड्या बाईलाच. तिची कीव कशाला? हे मला मान्य आहे. दुःख सोसले म्हणून कुऱ्हाड उचलण्याचा अधिकार मिळत नाही. तरीही कादंबरी जिथून सुरू होते तो प्रसंग ध्यानात घ्यावा. लॅन्सकम हा म्हातारा नोकर एंडरबीच्या खिडक्यांचे पडदे वर करीत, अंत्यविधीहून परतणाऱ्या मंडळींना अधू डोळ्यांनी न्याहाळतो आहे. घराची पहिली ओळख लेखिकेने नोकराच्या नजरेतून करून दिली, हा योगायोग मला वाटत नाही.

वारशाची रहस्यकथा वाचताना आपण मृत्युपत्रातील नावांची यादी करतो. माझी सूचना अशी की, शेजारी दुसरी यादी करावी : पडदे कोणी उघडले, चहा कोणी आणला, आजाऱ्याच्या उशाशी रात्री कोण बसले. ही माणसे बहुधा खुनी नसतात. पण त्या घराची हकीकत त्यांना विचारल्याखेरीज पुरी होत नाही.