पिकअप उंच करण्याआधी

जानेवारीतली रात्र होती. सौदीतल्या हफ्र अल बातिनपासून चाळीसेक किलोमीटर आत, कच्च्या रस्त्यावर आम्ही दोघे होतो आणि पिकअपच्या हौद्यात ८०० लिटर पाण्याने भरलेली टाकी. मागून ‘ठक्क’ असा आवाज आला आणि गाडी तिरकी चालू लागली. स्टिअरिंग सरळ धरले तरी नाक एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे. खाली उतरून विजेरी मारली, तर डावीकडे मागचा एक्सेल स्प्रिंगच्या पाट्यांखालून सरकलेला. एक्सेल पाट्यांशी आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले पडले होते आणि पाट्यांना एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला होता.

मोबाइलला रेंज नव्हती. हिवाळ्यात या वाळवंटात रात्रीचा पारा शून्याजवळ जातो. केबिनमध्ये एकाच ब्लँकेटखाली आम्ही पहाटेची वाट बघत बसलो. माझ्याबरोबर साइटवरचा चिपळूणचा मुलगा होता, मला दादा म्हणणारा. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “दादा, गाडी उंच केली नसती तर हे झालं असतं का?”

नसते झाले. सकाळी एका सुदानी मेंढपाळाने त्याच्या गाडीने आम्हाला डांबरी रस्त्यापर्यंत आणले, म्हणून आज हे लिहितो आहे. हाच एक्सेल महामार्गावर ११० च्या वेगात सरकला असता, तर लिहायला मी उरलो नसतो.

उंचीचा मोह

हफ्र म्हणजे खोदलेली जागा. बसऱ्याहून मक्केला जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गावर खणलेल्या विहिरींवरून या शहराला हे नाव मिळाले, आणि शहर वसले आहे ते वादी अल बातिन या रुंद कोरड्या नदीपात्रात. आजही इथल्या पिकअपच्या पाठीवर बहुतेक वेळा पाणी, चारा किंवा मेंढ्याच असतात. अरबी बोलीत पिकअपला ‘वानेत’ म्हणतात. हिवाळ्यात पाऊस पडून गेला की लोक तंबू घेऊन वाळवंटात निघतात आणि तेव्हा रस्त्यावर उंच केलेल्या वानेत जिकडेतिकडे दिसतात.

माझी हायलक्स जुनी, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. तिचे नाक खाली झुकलेले दिसायचे. पात्र ओलांडताना एकदोनदा बंपर जमिनीला घासला आणि मी ठरवले, नाक वर घ्यायचे. सनाइयातल्या, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीतल्या एका मिस्त्रीने पुढच्या स्प्रिंगवर जाड स्पेसर बसवले. पुढे उचलल्यावर मागची बाजू बसकी वाटू लागली, म्हणून मागे एक्सेल आणि पाट्यांच्या मध्ये दोन इंची ब्लॉक घातले. दुपारपर्यंत काम झाले. खर्च ३०० रियालच्या आत. अलाइनमेंटचे मी विचारले नाही, त्यानेही काढले नाही. बोल्ट पुन्हा कधी आवळायचे, हेही विचारले नाही. चूक माझी. स्वस्तात झाले, या आनंदात मी होतो.

पुढच्या तीन आठवड्यांत गाडी सांगत होती, मी ऐकत नव्हतो. तापलाइन रोड या महामार्गावर वेग घेतला की स्टिअरिंग हातात तरंगायचे. पुढच्या टायरांची एक कड झपाट्याने झिजली. रात्री समोरचे चालक दिव्यांची उघडझाप करून मला शिव्या घालत असावेत, कारण माझा प्रकाशझोत थेट त्यांच्या डोळ्यांत जात होता. मग ती रात्र आली. नवे बोल्ट, टायर आणि ओढून आणण्याचे भाडे धरून त्या ३०० रियालांचे २,००० च्या वर झाले.

मागची उंची कशासाठी

दुरुस्ती एका वयस्कर पठाण मिस्त्रीकडे केली. त्याने आधी मला मोजपट्टी हातात दिली आणि रिकामी गाडी मोजायला लावली. मग टाकी भरून पुन्हा मोजायला लावली. भरल्यावर शेपूट खाली आले होते आणि नाक आभाळाकडे. तेव्हा मला कळले की कारखान्यातून पिकअपची मागची बाजू मुद्दामच उंच येते. ती ओझ्यासाठी राखून ठेवलेली जागा असते. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. ८०० लिटर चढवले की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. रिकाम्या गाडीला सपाट केले, तर भरलेली गाडी पाठीवर बसते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा: माझी गाडी रोज भरलेली असते की रिकामी? रोज ओझे वाहणाऱ्याने सपाट करण्याच्या नादाला लागू नये.

आधी फुकटचे आणि स्वस्तातले उपाय

सपाट जागेवर, चारही टायरांत ठरलेली हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंचे अंतर मोजा आणि लिहून ठेवा. डावी-उजवीत फरक दिसला किंवा पुढची उंची मूळ मापापेक्षा कमी आली, तर गाडीला उंची नव्हे, दुरुस्ती हवी आहे. माझ्या पुढच्या स्प्रिंगा थकून बसल्या होत्या. थकलेल्या स्प्रिंगवर स्पेसर घालणे म्हणजे आजाऱ्याला उंच टाचांचे बूट घालणे. योग्य स्प्रिंगांची नवी जोडी आणि बरे शॉकअप यांनी माझे नाक आपोआप जागेवर आले.

वाळूत अडकायला होते म्हणून उंची हवी असेल, तर आधी टायरातली हवा कमी करून बघा. १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. डांबरावर येताच पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो. छोटा कॉम्प्रेसर आणि हवेचे मीटर यांच्या किमतीत कुठलाही स्पेसर देणार नाही इतका फायदा मिळतो.

तरीही उचलायची असेल तर

पुढे स्वतंत्र सस्पेंशन आणि स्प्रिंग असलेल्या पिकअपला वरचा स्पेसर हा सर्वांत स्वस्त उपाय, पण त्याचे गणित समजून घ्या. स्प्रिंग खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकलेली असते, त्यामुळे एक इंच जाडीचा स्पेसर चाकापाशी गाडी जवळपास दोन इंच उचलतो. मला हे ठाऊक नव्हते. चाक जितके खाली ढकलले जाते, तितकी त्याची खाली लटकण्याची जागा संपते, बॉल जॉइंट टोकाला पोहोचतो आणि गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या एक्सेलचे सांधे तिरके पडतात. त्या तिरकेपणात त्यांचे रबरी बूट घासून फाटतात, ग्रीस बाहेर उडते आणि वाळू आत जाते. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर थांबा. चाकापाशी दीड-दोन इंचांच्या पुढे स्वस्तात जाऊ नका आणि स्पेसरवर स्पेसर कधीच रचू नका.

बऱ्याच जुन्या पिकअपना पुढे स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार असतो. तिथे बोल्ट फिरवला की नाक वर येते, खर्च काहीच नाही. पण लटकण्याची जागा तिथेही तितकीच कमी होते. थोडेच फिरवा. स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबर किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे टाळा. ते मोजक्या वेढ्यांवर सगळा ताण टाकतात. स्प्रिंग तापवणे किंवा तिच्यावर वेल्डिंग करणे तर कधीच नको.

मागच्या बाजूला गावाकडचा जुना मार्ग आजही चांगला: पाटे सोडवून थकलेले बदलायचे किंवा पुन्हा कमानीत आणायचे, आणि ओझे नेहमीचेच जड असेल तर एक पाटा वाढवायचा. पाटा वाढला की रिकामी गाडी उसळते, हे मान्य करूनच. शॅकल लांब करणेही स्वस्त आहे. दोन इंच लांब शॅकल साधारण एक इंच उचलते. ब्लॉक घातलाच, तर जोडीला नवे, योग्य लांबीचे यू-बोल्ट घ्या, टॉर्क पान्याने आवळा आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. माझे ते पुन्हा आवळणे राहून गेले होते. कच्च्या रस्त्याच्या थरथरीने बोल्ट ढिले झाले आणि सगळा धक्का एकट्या सेंटर बोल्टवर आला.

ब्रेकचा एक भाग बहुतेक जण विसरतात. बऱ्याच पिकअपना मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. एका दांडीने तो एक्सेलशी जोडलेला असतो आणि गाडी किती दबली त्यावरून मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. बॉडी एक्सेलपासून वर उचलली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागे ब्रेक कमी लागतो. रात्री उंट रस्त्यावर येणाऱ्या प्रदेशात मी तीन आठवडे भरलेली गाडी अशी चालवली. मागची उंची बदलली, तर या दांडीची जागाही बदलून घ्या.

शेवटी अलाइनमेंट. कॅस्टर म्हणजे सायकलच्या पुढच्या फोर्कला असतो तसा कल. वळणानंतर स्टिअरिंग सरळ येते ते त्यामुळे. उंची वाढली की हा कल घटतो. अलाइनमेंट, दिव्यांची दिशा आणि ब्रेकच्या होजला पुरेशी ढील, हे तिन्ही उंचीच्या किमतीतच धरा. तेवढे पैसे नसतील तर अजून उचलायची वेळ आलेली नाही.

कायदाही बघा. सौदीत अधिकृत प्रक्रियेशिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल केला तर दंड होतो, आणि वर्षाच्या तपासणीत, इथे जिला ‘फहस’ म्हणतात, गाडी अडकू शकते. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. अपघातानंतर विमा कंपनी नोंदणीचे हेच कागद उघडते.

माझी हायलक्स आता नव्या स्प्रिंगांवर उभी असते, मागे मूळ पाट्यांवर, ब्लॉकशिवाय. रिकामी असताना नाक किंचित खाली दिसते. परवा तो चिपळूणचा मुलगा म्हणाला, “दादा, पुढून अजून थोडी बसकीच वाटते.” मी त्याला टाकीत पाणी सोडायला सांगितले. पाणी भरत गेले, मागचे पाटे हळूहळू दबत गेले, आणि ८०० लिटरच्या खुणेशी गाडी पातळीत आली. त्याने मोजपट्टी लावून बघितली आणि काही न बोलता पुढचे दार उघडून बसला.