दिसायला धडधाकट, पण आत काय?



"मला काही होत नाही, मग डॉक्टरकडे कशाला?" असे आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात. मीही म्हणत असे. तपासणीचे बोलावणे मी वर्षभर घड्याळामागे खोचून ठेवले होते. शेवटी गेलो, तेव्हा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेले निघाले. त्रास मात्र कसलाच नव्हता!

असे का होते? हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचू लागला, की धमनी आधी बाहेरच्या बाजूस फुगते. शिकागोचे डॉ. सेमूर ग्लागोव्ह यांनी 1987 साली दाखविले की, थराने सुमारे 40 टक्के जागा व्यापेपर्यंत रक्ताची वाट फारशी अरुंद होत नाही. म्हणून छातीत दुखत नाही, आणि स्वस्थ पडून काढलेला ई.सी.जी.ही निर्दोष येऊ शकतो. पण हाच थर एकाएकी फुटला, तर त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. कित्येकांना पहिली सूचना मिळते ती झटक्याचीच.

आपणा भारतीयांना हा धोका अधिक. लंडनच्या साउथॉल व ब्रेंट भागांत 1988 ते 1991 या काळात 40 ते 69 वयाच्या लोकांना तपासले व पुढे सुमारे वीस वर्षे त्यांची नोंद ठेवली. गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा भारतीय वंशाच्या लोकांत हा विकार अधिक आढळला. धूम्रपान, मधुमेह वगैरे हिशेबात धरूनही फरक मिटला नाही.

तेव्हा एवढे करावे:

1. इंग्लंडात 40 ते 74 वयाच्या, असा विकार आधी नसलेल्या लोकांना एन.एच.एस. दर पाच वर्षांनी मोफत तपासते. बोलावणे आले की जावे.

2. दोरीने आपली उंची मोजा व दोरी निम्मी दुमडा. ती कंबरेभोवती पुरली पाहिजे.

3. आईवडील वा भावंडांपैकी कोणाला साठीच्या आत हृदयविकार झाला असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगा.

4. नारळाच्या दुधाचे कालवण सणावारी ठेवा, रोज भरभर चाला, सिगारेट सोडा.

5. छाती दाटून आली, घाम सुटला, तर "गॅस असेल" म्हणून बसू नका. 999 फिरवा.

घड्याळामागे एखादे पत्र पडले असेल, तर आजच काढा.