मोडक्या फियाटचे भाग काढताना

घरची १९७३ची प्रीमियर प्रेसिडेंट पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवली, तेव्हा भेटेल तो एकच सल्ला देई: एखादी मोडकी पद्मिनी विकत घ्या आणि तिचे भाग लावा. सल्ला खोटा नाही. १९७४पासून हीच गाडी पद्मिनी या नावाने विकली गेली, त्यामुळे बरेचसे भाग एकमेकींना बसतात. पण अशी गाडी बघायला गेलात की ती कशाने मोडली हे सगळ्यात आधी विचारा. ठोकलेली, पुरात बुडालेली आणि वर्षानुवर्षं झाडाखाली उभी असलेली, या तिन्ही गाड्यांतून हाती लागणारा माल अगदी वेगळा असतो.

आम्हाला मिळाली ती डाव्या अंगाने समोरून ठोकलेली. "इंजिनला काही झालेलं नाही, साहेब, इंजिन एकदम ओके," हे वाक्य भंगाराच्या प्रत्येक अड्ड्यावर ऐकायला मिळतं. समोरून मार बसला की पंखा रेडिएटरमध्ये घुसतो, वॉटर पंपाचा शाफ्ट वाकतो, इंजिनाचे माउंटिंग तुटतात आणि धक्का मागे गिअरबॉक्सपर्यंत जातो. तिथली चीर डोळ्यांना दिसत नाही. आमच्या मिस्त्रींची जुनी युक्ती अशी: भाग स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावायचं, थोड्या वेळाने कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. चिरेत शिरलेलं रॉकेल पूड ओली करतं आणि बारीकशी रेघ उमटते. आमच्या गिअरबॉक्सच्या कवचावर, इंजिनाला जोडणाऱ्या बोल्टच्या भोकापासून अशी रेघ निघाली. कवच बाजूला ठेवलं. आतले दांते मात्र चांगले निघाले, ते घेतले.

दुसरी गोष्ट पत्र्याची. प्रेसिडेंट काय, पद्मिनी काय, मुळात फियाट ११००च; तिला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. म्हणून डावा कोपरा दाबला गेला तर पीळ उजव्या बाजूलाही पोचलेला असू शकतो. दारं काढण्याआधी ती जागच्या जागी उघडझाप करून बघा. चौकटीची फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर सांगाडा पिळलेला आहे. दार तरीही कामाचं असू शकतं, पण त्या सांगाड्यातून फ्लोअर किंवा दाराखालची पट्टी कापून आपल्या गाडीला वेल्ड करू नका. तो पीळ आपल्या गाडीत येतो. आणि ठोकलेल्या गाडीचं स्टिअरिंग बॉक्स, टाय रॉड, ब्रेकचे होज, मास्टर सिलिंडर हे फुकट मिळाले तरी नकोत. या चार वस्तूंत पैसे वाचवणारा माणूस मला समजत नाही.

२०१९च्या महापुरानंतर सांगलीकडची एक पद्मिनी स्वस्तात मिळत होती. धुऊन पुसून ठेवलेली, रंग तर आमच्या गाडीपेक्षा बरा. मिस्त्रींनी खाली झोपून गिअरबॉक्सचा प्लग ढिला केला, तर तेल चहासारखं दुधाळ. म्हणजे पाणी आत गेलेलं, आणि बेअरिंगना गंजाचे डाग पडलेले असणार. पुरातल्या गाडीच्या काचा, बंपर, चाकांच्या रिम, स्टीलची बीडिंग, हँडल हे धुऊन वापरता येतं. वायरिंग, डायनॅमो, मीटर, सीट सोडून द्यायची. पोकळ भागांत गाळ बसतो आणि पत्रा आतून सडतो, बाहेरून मात्र वर्षभर काही कळत नाही. विकणाऱ्याला नुसत्या काचा आणि ट्रिम विकायची नव्हती, म्हणून ती गाडी आम्ही सोडली.

उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन जाम असलं तरी घाबरू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल सोडा, चांगले आठ-दहा दिवस थांबा, मग क्रँकशाफ्टच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हलवून बघा. गाडी ओढून इंजिन फिरवायची घाई केलीत तर पिस्टनच्या रिंगा तुटतील.

मुंबईची काळी-पिवळी मिळत असेल तर? शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. या गाड्या रग्गड चाललेल्या असतात. डाव्या मडगार्डला भाड्याच्या मीटरची भोकं, डिकीत सीएनजीच्या टाकीची. डिझेल इंजिनवाल्याही त्यांत होत्या, बोनेट उघडून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

बयाण्याचं निघालं म्हणून सांगतो. आम्ही पैसे देऊन ती ठोकलेली गाडी ठरवली आणि टेम्पो घेऊन परत गेलो, तर डॅशबोर्डचा मीटर आणि कार्बोरेटर गायब. विकणारा शांतपणे म्हणाला, "ते गाडीसोबत नव्हतंच." पावतीवर फक्त 'एक गाडी, जशी आहे तशी' एवढंच होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. पावतीवर भागांची नावं लिहून घ्या, चारी बाजूंचे आणि बोनेटखालचे फोटो काढा, आणि जमलं तर त्याच दिवशी गाडी उचला.

कागदांचं काम याहून कटकटीचं, आणि तेच लोक टाळतात. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळवल्याशिवाय इंजिन घेऊ नका. दुसरं इंजिन बसवलंत तर त्याचा नंबर आरसीवर चढवावा लागतो, आणि नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर प्रश्न तुम्हाला विचारले जातील. गाडी कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५नुसार मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. ते झालंय का, हे विकणाऱ्याला विचारा. शिवाय २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीला 'व्हीए' मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार असेल तर ती गाडी त्यात बसत नाही, आणि असा नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. मूळ इंजिन दुरुस्त होत असेल तर मोडक्या गाडीचं बसवायच्या मोहात पडू नका.

भाग काढताना पहिल्यांदा पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून लांब, उघड्यावर ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीहून धोक्याची, आणि भंगारवाल्याला गॅस कटर चालवायची घाई असते. मग काचा, बीडिंग, हँडल, बिजागऱ्या. इंजिनाच्या मागे सगळे धावतात, पण इंजिनाचे भाग घासूनपुसून किंवा नवे करून मिळतात. मिळत नाहीत ते बीडिंगचे क्लिप, काच चढवायच्या यंत्राचे दांते, हँडगिअरच्या दांड्यातले बुश. जाम स्क्रूवर जोर लावू नका, तेल सोडून रात्रभर थांबा. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव.

आणि तुमची गरज भागल्यावर उरलेली गाडी वजनावर देण्याआधी ओळखीच्या चार फियाटवाल्यांना फोन करा. तुम्हाला नको असलेलं उजवं मागचं दार कुणीतरी नक्की शोधत असेल.