मालमोटारीच्या चाकांतील हवा आणि आपलें हवामान

आपल्या नागपूर भागांत आंबिया बहाराचीं संत्रीं थंडीच्या तोंडावर व मृग बहाराचीं उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारास निघतात. मालमोटार दोन्ही हंगामांत तीच असते. परंतु चाकांत एकदां हवा भरली कीं पुष्कळजण निश्चिंत राहतात. मिहानलगतच्या शिवमडक्याहून निघणारा समृद्धि महामार्ग 11 डिसेंबर 2022 रोजीं शिर्डीपर्यंत व 5 जून 2025 रोजीं आमण्यापर्यंत, म्हणजे 701 किलोमीटर, खुला झाला. सिमेंटच्या या रस्त्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या वार्ता आपण ऐकल्याच आहेत. सबब या विषयाचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

बंद जागेंतील हवा तापली कीं तिचा दाब वाढतो व निवाली कीं उतरतो. समजा, पौषांत पहाटे 15 अंश उष्णतामान असतां चाकांत 80 पौंड हवा भरली. तीच हवा 45 अंशांवर सुमारें 90 पौंड दाखवील. उलट, वैशाखांतील दुपारीं 45 अंशांवर भरलेली 80 पौंड हवा पौषांतल्या पहाटे 71 पौंडांवर येईल, व यांत गळती मुळींच नसेल. म्हणजे दर 10 अंशांस सुमारें 3 पौंडांचा फरक पडतो. ट्रॅक्टरच्या मागील चाकांत 14 पौंड हवा असल्यास हा फरक सुमारें 1 पौंड पडतो.

यावरून कोणी म्हणेल कीं उन्हाळ्यांत हवा कमीच ठेवावी. हा समज घातक आहे. कमी हवेचें चाक ओझ्याखालीं अधिक दबतें. त्याची बाजू प्रत्येक फेऱ्यास वाकते व रबर आंतून तापतें. वेग आणि ओझें अधिक असल्यास आंतील थर सुटतात व टायर फुटतो. चालत्या चाकांतील दाब वाढणार हें टायर करणाऱ्यांनीं आधींच धरलेलें असतें. हवा प्रमाणाबाहेर भरणेंहि बरें नव्हे. तेणेंकरून टायर मधोमध झिजतो व रस्त्यावरील पकड कमी होते.

म्हणून पुढील नियम पाळावे :

1. हवा सकाळीं निघण्यापूर्वीं, अथवा गाडी तीन तास सावलींत उभी राहिल्यावर मोजावी.

2. दाब गाडीच्या कारखानदारानें ओझ्याप्रमाणें सांगितलेला ठेवावा. टायरच्या बाजूवरील आंकडा कमाल मर्यादेचा असतो.

3. वाटेंत तापलेल्या चाकांतील हवा कधींहि सोडूं नये. निवाल्यावर ती कमी पडते.

4. दर पंधरवड्यास, व ऋतु पालटतांना अवश्य, सर्व चाकें तपासावीं. जोडचाकांतील आंतलें चाक व स्टेपनी विसरूं नये.

5. टायरवरील चार आंकडे पाहावे. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. जुना, भेगाळलेला टायर लांबच्या प्रवासास घेऊं नये.

नायट्रोजन भरल्यास ही काळजी नको, असेंहि कोणी सांगतात. साध्या हवेंतच सुमारें 78 टक्के नायट्रोजन असतो, व तापल्यावर त्याचाहि दाब तितकाच वाढतो. मोजणी चुकत नाहीं.

हवा मोजण्याचें लहान यंत्र थोडक्या पैशांत मिळतें. तें प्रत्येक बागाइतदारानें स्वतःच्या घरीं ठेवावें, आणि माल भाड्याच्या गाडीनें जाणार असला तरी ओझें चढविण्यापूर्वीं चालकासमक्ष चाकें मोजून घ्यावीं, अशी आमची विनंति आहे. त्या गाडींत आपल्या मालाबरोबर माणसेंहि जात असतात.