नव्या बंदुकीचं ग्रीस

"कोरी करकरीत आहे, हिला काही करायचं नाही. महिन्यातून एकदा वरून तेलाचा हात फिरवा, झालं." दुकानदाराचं हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितोय, कारण असं आपण बोललोच नाही, असं तो पुढे सरळ म्हणाला.

शेतसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची पंप घेतली ती २०२४ च्या सप्टेंबरअखेर. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. निकालानंतर परत मिळाली. वडलांची डबल बार मी वीस वर्षं सांभाळली आहे, नळीत गंजाचा ठिपका नाही. त्यामुळे 'तुमचीच हयगय' हे मी कुणाकडून ऐकून घेणार नाही.

डिसेंबरात डुकरं केळीत उतरली. दरडीच्या मातीवर एक बार काढला, तोही पळवण्यापुरता; डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. पंप मागे ओढला तर अर्ध्यावर रुतला, चिखलात पाय रुतावा तसा. रिकामं काडतूस अर्धं आत, अर्धं बाहेर आणि खालच्या नळीत तीन भरलेली. मागे बॅटरी धरून उभा असलेला गडी "काय झाला?" विचारत होता. मी नळीचं तोंड दरडीकडून हलू दिलं नाही. ती पंधरा मिनिटं आठवली की अजून तळव्यांना घाम येतो.

वाडीतले एक काका फौजेत आर्मरर होते. त्यांनी सकाळी आधी बंदूक रिकामी केली, मग पुढचं बूच फिरवून नळी उतरवली आणि बोल्टवरून पांढरी चिंधी फिरवली. चिंधीवर पिवळट, मेणासारखा थर आला. बोटाला लावला तर गुळासारखी तार सुटली. "झिला, ह्यां गिरीस पयलां काढूचां म्हणान तुका कोणी सांगूक नाय?"

नाही सांगितलं! कारखान्यातलं ते ग्रीस गोदामात गंज चढू नये म्हणून असतं, बंदूक चालावी म्हणून नव्हे. थंडीत ते घट्ट होतं आणि बाराची काजळी त्यात कालवली की पंप हलत नाही.

दुकानात गेलो तर आधी म्हणे, "पंप दमात मारावा लागतो, तुमचा हात कचरतो." मग म्हणे, पोलीस ठाण्यातल्या ओलीने झालं. शेवटी, चार गिऱ्हाइकांदेखत, "शेतकऱ्याने डबल बारच घ्यावी." वर सर्व्हिसिंगचे पैसे मागितले.

म्हणून सांगतो, नवी बंदूक घरी आणलीत की बार काढण्याआधी ती खोला. त्याही आधी चेंबरमध्ये बोट घालून बघा आणि खालची मॅगझिनची नळीही तपासा; तिथलं काडतूस नजरेतून सुटतं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. सॉल्व्हंट नसेल तर ग्रीस काढायला रॉकेल चालतं, पण चुलीपासून लांब. गज चेंबरच्या बाजूने घालून तोंडाकडे काढायचा. चेंबर मात्र कोरडं ठणठणीत हवं. मॅगझिनच्या नळीची आतली बाजूही कोरडीच, कारण तेल काडतुसाच्या टोपीत झिरपलं तर बार फुसका जातो. तेल कुठे? पंपाच्या दोन्ही दांड्यांवर, बोल्ट सरकतो त्या खाचांत आणि पंप ज्यावरून मागेपुढे होतो त्या नळीच्या बाहेरून. थेंब-दोन थेंब, तेही बोटाने पसरून. आतून गंजू नये म्हणून बंदुकीच्या नळीला तेलाचा पुसट हात द्या आणि बार काढण्याआधी तो पुसा.

खोबरेल अजिबात नको. चोवीस अंशांखाली ते थिजतं. डिसेंबरच्या पहाटे बाटलीत थिजतं तसंच दांड्यांवर थिजणार. बंदूक कव्हरात घालून ठेवू नका, आपल्या हवेत कव्हर ओल धरतं. निवडणुकीत जमा करण्याआधी आणि परत आल्यावर, दोन्ही वेळा खोलून पुसा. आणि हो, पावती जपून ठेवा.

माहितीपुस्तक खोक्यात असतं, ते मागून घ्या. माझा खोका दुकानातच ठेवून घेतला होता. भांडल्यावर कपाटातून पुस्तक निघालं, प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं. पहिल्या वापराआधी ग्रीस पूर्ण काढा, हे त्यात ठळक छापलंय. वाडीतल्या आणखी दोघांनी पंपसाठी अर्ज केलाय, ते पुस्तक सध्या त्यांच्याकडे आहे.