हे कशावरून?

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारतात. काही प्रश्नांत 'कशावरून' हा शब्द असतो. अशा प्रश्नाला नुसते मत चालत नाही. पुरावा, म्हणजे सबूत, द्यावा लागतो. तो उताऱ्यातच असतो. पुढील उतारा लक्षपूर्वक वाचा.

उतारा

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ पसरली. भीतीने लोक घरे सोडून जाऊ लागले. सावित्रीबाई फुले मात्र रोग्यांची सेवा करीत राहिल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत रोग्यांवर उपचार करीत. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी दवाखान्यात पोहोचवले. या सेवेत त्यांनाही प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

(साथ : उर्दूत 'साथ' म्हणजे सोबत, येथे अर्थ 'पसरणारा रोग', म्हणजेच वबा.)

प्रश्न : सावित्रीबाई निर्भय होत्या, हे कशावरून दिसते?

उत्तर १ : सावित्रीबाई फार निर्भय व थोर होत्या.
हे केवळ मत आहे. पुरावा नाही.

उत्तर २ : 'एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी दवाखान्यात पोहोचवले.'
पुरावा आहे, पण त्यावरून काय कळते, ते सांगितलेले नाही.

उत्तर ३ : सावित्रीबाई निर्भय होत्या. 'भीतीने लोक घरे सोडून जाऊ लागले', तेव्हा त्यांनी आजारी मुलाला 'पाठीवर घेऊन' दवाखान्यात नेले. इतर लोक रोगापासून दूर पळत असताना त्या रोग्याच्या जवळ गेल्या. यावरून त्यांची निर्भयता दिसते.

तिसरे उत्तर पूर्ण आहे. त्यात आधी विधान, मग उताऱ्यातील शब्द आणि शेवटी त्या दोहोंचा संबंध आहे.

'त्यांचे निधन झाले' हे वाक्य पुरावा म्हणून चालेल का? नाही. प्लेगने भित्रा माणूसही मरू शकतो. वाक्य खरे असले, तरी ते विचारलेली गोष्ट सिद्ध करीत नाही. तसेच, सावित्रीबाई १८४८ साली पुण्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेत शिकवत, हे तुम्हांला ठाऊक असेल. पण ते या उताऱ्यात नाही. म्हणून ते येथे लिहू नये.

लक्षात ठेवा

१. उताऱ्यातील शब्द जसेच्या तसे लिहा. काना, मात्रा, वेलांटी बदलू नका.
२. ते शब्द अवतरणचिन्हांत लिहा. उर्दूत त्यांना 'वावैन' म्हणतात.
३. गरजेपुरतेच शब्द घ्या. संपूर्ण उतारा उतरवून काढणे म्हणजे उत्तर नव्हे.

स्वाध्याय

उताऱ्यातील शब्दांचा पुरावा देऊन उत्तरे लिहा.
(अ) पुण्यातील लोक घाबरले होते, हे कशावरून समजते?
(आ) सावित्रीबाईंना रोग्यांच्या सेवेमुळेच प्लेग झाला, हे कशावरून म्हणता येईल?