उतारवय आणि यकृतातील चरबी

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, अंगाने सडपातळ, दारूला कधी शिवले नाहीत. तरी सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आले. हे वयामुळे का? (एक वाचक, वारंगा फाटा, जि. हिंगोली)

उत्तर : केवळ वयामुळे नाही, पण साठीनंतर स्नायू झडतात, पोटाच्या आत चरबी साठते, इन्सुलिनचा प्रभाव घटतो. म्हणून हातपाय बारीक असलेल्यांच्या यकृतातही चरबी आढळते. स्त्रियांत पाळी गेल्यावर हा धोका वाढतो. खरी काळजी चरबीपेक्षा यकृत निबर होण्याची. ते पाहण्यासाठी वय, एएसटी व एएलटी (यकृताच्या रक्तचाचण्या) आणि रक्तातील प्लेटलेट यांवरून ‘फिब-४’ आकडा काढतात. सुरक्षित मर्यादा साधारण १.३, पासष्टीनंतर २. त्याहून जास्त आल्यास फायब्रोस्कॅन (यकृताचा निबरपणा मोजणारी तपासणी) करावा. सडपातळ वृद्धांनी कडक उपास टाळावेत, त्याने स्नायू आणखी झडतात. रोज चालावे, जेवणात डाळ-उसळ वाढवावी. साखरेची तपासणी मात्र लगेच करून घ्यावी.